डॉ. ना. भा. खरे आणि १९३८ मधील मध्य प्रांताचा पेच

भारत सरकारचा १९३५ चा कायदा १ एप्रिल १९३७ रोजी प्रांतांना लागू झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील अकरा प्रांतांचा कारभार निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवण्याची व्यवस्था सिद्ध झाली. परंतु या मंत्र्यांनी बांधील कोणाला राहायचे, ज्या कायदेमंडळातील बहुमतावर त्यांचे पद उभे होते त्याला, ज्या गव्हर्नरची मर्जी असेपर्यंतच ते कायद्याने पदावर राहू शकत होते त्याला, की ज्या पक्षाच्या नावावर लोकांनी त्यांना मते दिली त्या पक्षाच्या श्रेष्ठींना, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते आणि ते आधी ठरवून ठेवण्याची निकड काँग्रेसलाही भासली नव्हती. बहुतेक काँग्रेसशासित प्रांतांत हा प्रश्न दबलेला राहिला, कारण तेथील मंत्रिमंडळाचे प्रमुख आणि पक्षश्रेष्ठी यांच्यात उघड वितुष्ट आले नाही. मध्य प्रांत व वऱ्हाड या एका प्रांतात मात्र तो जुलै १९३८ मध्ये उफाळून आला आणि डॉ. नारायण भास्कर खरे यांची पंतप्रधानकी, म्हणजे त्या काळच्या संज्ञेप्रमाणे प्रांतिक मंत्रिमंडळाचे प्रमुखपद, त्यात संपली. या प्रकरणाकडे व्यक्तींच्या हेव्यादाव्यांची कहाणी म्हणून पाहण्याची सवय मराठी आणि हिंदी अशा दोन्ही बाजूंच्या लेखकांना जडली. वस्तुतः त्याची मुळे प्रांताच्या घडणीत आणि काँग्रेसच्या संघटनेत होती, आणि ती समजून घेतल्याखेरीज खरे यांचे बरोबर काय होते व चुकले काय याचा निवाडा करता येत नाही.

खरे यांचा जन्म १८८४ मध्ये पनवेल येथे झाला. जबलपूरच्या सरकारी महाविद्यालयात शिकल्यानंतर त्यांनी लाहोरला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९१३ मध्ये पंजाब विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळवली. मध्य प्रांताच्या सरकारी वैद्यकीय सेवेत काही वर्षे काढल्यावर १९१६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि नागपुरात वैद्यकीचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्या काळचे नागपूर हे टिळकपक्षाचे एक बळकट ठाणे होते. डॉ. बा. शि. मुंजे आणि बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या सहवासात खरे यांचे राजकारण घडले, आणि १९२३ च्या निवडणुकीनंतर स्वराज्य पक्षातर्फे ते प्रांताच्या कायदेमंडळात बसले. या कायदेमंडळाचा अनुभव त्यांच्या पुढील वागण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९१९ च्या कायद्याने आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आणि अर्थ, पोलीस, जमीन महसूल अशी महत्त्वाची खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे असत. ही पद्धत निरुपयोगी आहे हे आतून दाखवून देण्याची स्वराज्य पक्षाची प्रतिज्ञा मध्य प्रांताइतकी अन्यत्र क्वचितच पुरी झाली. तेथे स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले आणि १९२४ मध्ये कायदेमंडळाने मंत्र्यांचा वार्षिक पगार दोन रुपयांवर आणून मंत्रिपद चालवणे अशक्य केले. पुढे मुंजे आणि त्यांचे सहकारी प्रतियोगी सहकारितेच्या, म्हणजे सरकार जितके सहकार्य देईल तितकेच आपण द्यावे या टिळकांच्या सूत्राच्या, बाजूला वळले, आणि मुंजे यांचे नाव हिंदुमहासभेशी जोडले गेले. खरे मात्र काँग्रेसमध्येच राहिले. १९३५ च्या आरंभी अभ्यंकरांचे निधन झाले आणि नागपूरच्या काँग्रेसमध्ये खरे यांच्या तोडीचा दुसरा वजनदार माणूस उरला नाही. त्याच वर्षापासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचेही सभासद होते.

ज्या प्रांताचे नेतृत्व त्यांच्याकडे आले तो प्रांत प्रशासनाच्या सोयीखातर एकत्र बांधलेला होता. १८६१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश मिळून मध्य प्रांत झाला. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने घेऊन १९०३ मध्ये त्याच प्रांताच्या कारभाराला जोडण्यात आला. अशा रीतीने नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा आणि वऱ्हाडचे चार जिल्हे हा मराठी भाग एकीकडे, आणि जबलपूर, सागर, रायपूर, बिलासपूर इत्यादी जिल्ह्यांचा विस्तीर्ण हिंदी भाग दुसरीकडे, असे दोन समाज एका कायदेमंडळात आले. राजधानी नागपूर मराठी भागात होती. संख्याबळ मात्र हिंदी भागाचे होते. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसावर मिळणारा महसूल हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो ही वऱ्हाडी पुढाऱ्यांची जुनी तक्रार होती, आणि नोकऱ्या व शिक्षण यांत मराठी माणसांनी आपल्याला मागे टाकले ही महाकोशलची, म्हणजे हिंदी जिल्ह्यांची, तक्रारही तितकीच जुनी होती. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपली संघटना भाषावार केल्यावर या एकाच सरकारी प्रांतात नागपूर, विदर्भ आणि महाकोशल अशा तीन प्रांतिक काँग्रेस समित्या अस्तित्वात आल्या. कायदेमंडळातील पक्ष एक आणि त्याच्या पाठीमागच्या समित्या तीन, असा हा सांगाडा होता. जो कोणी पंतप्रधान होईल त्याला स्वतःच्या समितीखेरीज दुसऱ्या कोणत्याही समितीचा भरवसा धरता येणार नव्हता, ही गोष्ट पुढील सर्व घटनांच्या तळाशी आहे.

१९३७ च्या निवडणुकीत ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला सत्तरच्या आसपास जागा मिळाल्या. गव्हर्नर आपले विशेष अधिकार वापरणार नाहीत असे आश्वासन मिळेपर्यंत मंत्रिपदे घ्यायची नाहीत असे काँग्रेसने ठरवल्याने काही महिने ई. राघवेंद्र राव यांच्या अल्पमतातील मंत्रिमंडळाने कारभार पाहिला. जुलैमध्ये वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेसच्या कार्यकारिणीने मंत्रिपदे स्वीकारण्यास अनुमती दिली आणि १४ जुलै १९३७ रोजी खरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. नेतेपदाच्या चढाओढीत त्यांचे प्रतिस्पर्धी होते रायपूरचे रविशंकर शुक्ल. परंतु महाकोशलात शुक्ल यांच्याशी न पटणारे द्वारकाप्रसाद मिश्र यांचे पाठबळ खरे यांना लाभले होते, म्हणजे महाकोशलातील दुफळी हाच त्यांच्या बहुमताचा एक आधार होता. मंत्रिमंडळात महाकोशलचे शुक्ल, मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे तिघे, वऱ्हाडचे रामराव देशमुख व पु. ब. गोळे, आणि मुसलमान मंत्री म्हणून मो. यु. शरीफ असे सहकारी होते. शिक्षणमंत्री शुक्ल यांनी खेड्यातील शाळेला जमिनीचे उत्पन्न जोडून देणारी विद्यामंदिर योजना याच काळात पुढे आणली.

या मंत्रिमंडळांवर देखरेख ठेवण्यासाठी काँग्रेसने वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद व अबुल कलाम आझाद यांची संसदीय उपसमिती नेमली होती. तिला आणि कार्यकारिणीला मिळून वृत्तपत्रे ‘हायकमांड’ अथवा पक्षश्रेष्ठी म्हणू लागली होती. मंत्र्यांनी ५०० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेऊ नये, महत्त्वाचे मतभेद उपसमितीपुढे आणावेत, राजीनामा तिच्या आदेशाने द्यावा, असा दंडक होता आणि त्याचा उपयोगही दिसून आला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये राजकीय कैद्यांच्या सुटकेवरून संयुक्त प्रांत व बिहार येथील मंत्रिमंडळांनी एकजुटीने राजीनामे दिले आणि गव्हर्नरांना तडजोड करावी लागली, तेव्हा प्रांतांनी आपली शक्ती एका मुठीत ठेवण्याचे फळ सर्वांनी पाहिले. पटेलांच्या कठोरतेवर टीका करणाऱ्यांनी हा संदर्भ बहुधा विसरलेला असतो. परकीय सत्तेशी पुन्हा लढा द्यावा लागणार हे गृहीत धरून चाललेल्या पक्षाला आपल्या ताब्यातील प्रांतांची मंत्रिमंडळे निरनिराळ्या दिशांना जाऊ देणे परवडणारे नव्हते.

मध्य प्रांताच्या नशिबी याखेरीज आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे श्रेष्ठींचे सान्निध्य. जमनालाल बजाज यांच्यामुळे वर्धा हे काँग्रेसचे कार्यस्थान झाले होते आणि १९३६ पासून गांधी शेजारच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहत होते. मद्रासच्या किंवा पेशावरच्या मंत्र्याला श्रेष्ठींकडे तक्रार नेण्यासाठी दिवसेंदिवस प्रवास करावा लागे. नागपूरचा नाराज मंत्री मोटारीने रात्रीत वर्ध्याला जाऊन परत येऊ शकत होता. पंतप्रधानाचा स्वतःच्या सहकाऱ्यांवरील अधिकार यामुळे किती क्षीण होत गेला असेल याची कल्पना सहज येते.

१९३८ च्या आरंभी कायदामंत्री शरीफ यांनी एका दलित अल्पवयीन मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात शिक्षा झालेल्या शिक्षण खात्यातील अधिकाऱ्याला व त्याच्या साथीदारांना मुदतीआधी सोडून दिले आणि प्रांतात संतापाची लाट उसळली. हे प्रकरण कार्यकारिणीने कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे अभिप्रायासाठी सोपवले आणि शेवटी शरीफ यांना पद सोडावे लागले. हा निर्णय योग्यच होता. परंतु मंत्र्याच्या वर्तनाचा निवाडा पंतप्रधान व विधानसभा यांच्याबाहेर होऊ शकतो ही वहिवाट त्याने पक्की केली. याच सुमारास शुक्ल आणि मिश्र यांच्यात समेट झाला आणि खरे यांच्या बहुमताचा महाकोशलातील आधार निखळला. खात्यांच्या वाटपावरून व परस्परांच्या कामात हस्तक्षेप होत असल्याच्या आरोपांवरून मंत्रिमंडळात इतकी कटुता आली की मे महिन्यात प्रांताची उन्हाळी राजधानी असलेल्या पचमढीला पटेलांच्या उपस्थितीत बैठक घेऊन समझोता करावा लागला. मंत्र्यांनी झाले गेले विसरून एकत्र काम करावे, असे त्याचे स्वरूप होते. असे समझोते माणसांतील अविश्वास दूर करू शकत नाहीत. दोन महिन्यांतच तो मोडला.

इंग्लंडच्या प्रथेप्रमाणे पंतप्रधानाने राजीनामा दिला की सगळे मंत्रिमंडळ जाते आणि तो नव्याने सहकारी निवडू शकतो. १९३५ च्या कायद्यात मात्र ही प्रथा कलमबद्ध नव्हती. प्रत्येक मंत्री गव्हर्नरची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो एवढेच त्यात होते, आणि मंत्रिमंडळाच्या संयुक्त जबाबदारीला उत्तेजन द्यावे अशी सूचना गव्हर्नरांच्या आदेशपत्रात होती. खरे यांनी या प्रथेचा आधार घेण्याचे ठरवले. २० जुलै १९३८ रोजी त्यांनी, गोळे यांनी व देशमुखांनी राजीनामे दिले आणि शुक्ल, मिश्र व मेहता यांनाही तसे करण्यास सांगितले. संसदीय उपसमितीच्या आदेशाविना आपण राजीनामा देणार नाही, असे उत्तर तिघांनी दिले. राजेंद्रप्रसाद त्या वेळी वर्ध्यात होते. दोन-तीन दिवसांतच कार्यकारिणीची बैठक तेथे भरणार होती, तोपर्यंत थांबावे असा निरोप त्यांनी पाठवला. खरे थांबले नाहीत. नवे गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या रात्रीच तिघा मंत्र्यांकडे राजीनामे मागितले, नकार येताच त्यांना बडतर्फ केले, आणि २१ जुलैच्या पहाटे खरे यांच्या नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी उरकला. या मंत्रिमंडळात छत्तीसगडचे कामगार पुढारी ठाकूर प्यारेलालसिंह आणि दलित समाजातील अग्निभोज यांचा समावेश होता.

काँग्रेसचे तीन मंत्री ब्रिटिश गव्हर्नरच्या हुकमाने मध्यरात्री घालवले गेले आणि ते काँग्रेसच्याच पंतप्रधानाच्या विनंतीवरून, ही वार्ता पसरताच खरे यांच्या बाजूचे सगळे युक्तिवाद निष्प्रभ ठरले. घटनेच्या दृष्टीने त्यांच्या भूमिकेत तथ्य होते, याबद्दल शंका नाही. ज्या सहकाऱ्यांशी जमत नाही त्यांच्यावाचून मंत्रिमंडळ बनवण्याचा हक्क पंतप्रधानाला नसेल तर त्या पदाला अर्थ उरत नाही. परंतु ज्यांनी आयुष्याची वीस वर्षे गव्हर्नरचे अधिकार मोडून काढण्यात घालवली होती, त्यांनी स्वपक्षातील भांडण मिटवण्यासाठी गव्हर्नरच्या याच अधिकाराचा आश्रय घ्यावा आणि तोही कार्यकारिणीच्या बैठकीला दोन दिवस उरले असताना, ही चूक साधी नव्हती. विधानसभेतील पक्षाची सभा बोलावून तिच्याकडून नव्याने विश्वास मिळवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तेथे बहुमत आपल्याकडे उरलेले नाही ही जाणीवच त्यांना घाईकडे घेऊन गेली असावी.

कार्यकारिणीची बैठक सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली २३ जुलैला वर्ध्यात सुरू झाली. खरे यांना तेथे बोलावून जाब विचारण्यात आला आणि त्यांनी वर्ध्याहूनच गव्हर्नरला आपल्या नव्या मंत्रिमंडळाचा राजीनामा कळवला. त्या मंत्रिमंडळाला तीन दिवसांचेही आयुष्य लाभले नाही. नंतर शेगावला गांधींशी झालेल्या भेटीत खरे यांनी प्रसिद्ध करावयाच्या निवेदनाचा मसुदा निघाला, गांधींनी त्यात दुरुस्त्या केल्या, आणि त्या दुरुस्त्यांसह सही करण्यास खरे यांनी नकार दिला. आपण चुकलो एवढे मान्य करण्याची त्यांची तयारी होती. आपण पक्षाशी द्रोह केला असे वाचणाऱ्याला वाटेल अशा शब्दांखाली नाव घालण्याची नव्हती. २६ जुलैच्या ठरावात कार्यकारिणीने त्यांच्या गंभीर चुकांचा उल्लेख करून काँग्रेसमधील जबाबदारीच्या पदांना ते अपात्र असल्याचे म्हटले आणि गव्हर्नरच्या घाईचाही निषेध केला. दुसऱ्या दिवशी वर्ध्यातच विधानसभा पक्षाच्या सभेत शुक्ल नेते निवडले गेले आणि २९ जुलैला त्यांचे मंत्रिमंडळ आले.

गांधींनी ऑगस्टमध्ये ‘हरिजन’मध्ये लिहून कार्यकारिणीची पाठराखण केली. काँग्रेस ही आतून लोकशाही संस्था असली तरी परकीय सत्तेशी लढणारी फौजही आहे आणि फौजेला मध्यवर्ती हुकूम लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. गव्हर्नरने कायद्याचे अक्षर पाळले, पण काँग्रेस व सरकार यांच्यातील अलिखित समजुतीचा प्राण घेतला, असेही त्यांनी मांडले. खरे यांनी आपली कैफियत इंग्रजी पुस्तिकेतून मांडली आणि तिला उत्तर देण्यासाठी बोस यांनाही विस्तृत निवेदन काढावे लागले. अग्निभोज यांना मंत्री केल्याबद्दल गांधींनी आपल्याला दोष दिला, हा खरे यांचा आरोप विशेष गाजला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्यावरील ग्रंथात त्याची दखल घेतली. अग्निभोज यांची नेमणूक तत्त्वनिष्ठेतून झाली की संकटात सापडलेल्या पंतप्रधानाच्या गरजेतून, हे सांगणे कठीण असले तरी १९३८ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळात दलित मंत्री असणे इतके दुर्मीळ होते की त्या प्रश्नाचे गांभीर्य नेमणुकीमागच्या हेतूने कमी होत नाही. पुढे ऑक्सफर्डचे इतिहासकार रेजिनाल्ड कूपलंड यांनी हिंदुस्थानच्या राजकारणाचा अभ्यास करताना प्रांतिक स्वायत्ततेवर पक्षश्रेष्ठींच्या नियंत्रणाने कशी मर्यादा आणली याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण पुढे ठेवले. त्यांच्या निरीक्षणात बळ आहे, पण ज्या कायद्याने गव्हर्नरला रात्रीतून मंत्री बडतर्फ करण्याचा अधिकार दिला त्या कायद्यातील स्वायत्तताच मुळात किती होती, हा प्रश्न त्यांनी पुरेशा कठोरपणे विचारला नाही.

मराठी जिल्ह्यांत या घटनेचा अर्थ भाषेच्या अंगाने लावला गेला. दोन वऱ्हाडी मंत्री व नागपूरचा पंतप्रधान बाहेर पडले आणि महाकोशलचे शुक्ल प्रमुख झाले, यापलीकडे सामान्य वाचकाला फारसे पाहण्याची गरज वाटली नाही. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये नरीमन यांना डावलून बाळासाहेब खेर यांना नेतेपद मिळाल्याचा वाद ताजा होताच. त्यात या प्रकरणाची भर पडून पटेलांविषयीचा रोष महाराष्ट्रात वाढला. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांताच्या विधानसभेने मराठी भाषक जिल्ह्यांचा वेगळा प्रांत करावा असा रामराव देशमुखांनी मांडलेला ठराव संमत केला, आणि पुढे महाविदर्भाच्या नावाने जी मागणी वाढत गेली तिच्या इतिहासात जुलैच्या त्या आठवड्याची जागा नाकारता येत नाही.

काँग्रेसबाहेर पडलेल्या खरे यांना मे १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात स्थान मिळाले आणि परदेशस्थ हिंदी लोकांचे, पुढे राष्ट्रकुल संबंधांचे म्हणून ओळखले गेलेले खाते त्यांनी १९४६ पर्यंत सांभाळले. ‘छोडो भारत’ चळवळीतील पुढारी तुरुंगात असताना हे पद घेणे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना कधीच पटले नाही, तरी त्या खात्यात त्यांनी केलेले काम दुर्लक्षिण्यासारखे नाही. नाताळमधील हिंदी लोकांच्या मालमत्ता खरेदीवर निर्बंध घालणारा कायदा दक्षिण आफ्रिकेने १९४३ मध्ये केला, तेव्हा तेथील गोऱ्यांना हिंदुस्थानात तसेच निर्बंध लावण्याची मुभा देणाऱ्या कायद्याचा वापर १९४४ मध्ये झाला. मार्च १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेबरोबरचा व्यापारी करार संपवण्याची सूचना देण्यात आली आणि त्याच उन्हाळ्यात हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्यात आला. पुढे वर्णविद्वेषाविरुद्ध जागतिक पातळीवर भारताने जी भूमिका घेतली तिची पहिली पावले खरे यांच्या कारकिर्दीत पडली, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले, आणि येथे त्यांच्या चरित्रातील सर्वांत काळे पान सुरू होते. फाळणीच्या वर्षात अलवर व भरतपूर येथील मेव मुसलमानांची हत्या, सक्तीचे धर्मांतर आणि हकालपट्टी झाली आणि तीत संस्थानी फौजेचा हात असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. राज्याचा कारभार ज्याच्या हाती होता त्या माणसाची या अत्याचारांतील जबाबदारी १९३८ मध्ये त्याच्यावर झालेल्या अन्यायाच्या आठवणीने हलकी होत नाही. गांधींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने त्यांना पदावरून दूर केले, महाराजांसह त्यांना दिल्लीत राहावयास लावले आणि चौकशी केली. हत्येशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही. त्यानंतर हिंदुमहासभेचे अध्यक्षपद आणि ग्वाल्हेरहून पहिल्या लोकसभेचे सभासदत्व त्यांना मिळाले. लोकसभेतील त्यांच्या कारकिर्दीतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने मध्य प्रांताचे मराठी आणि हिंदी भाग एकमेकांपासून विलग केले आणि सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या त्या मंत्रिमंडळात ज्यांना एकत्र नांदणे जमले नव्हते त्यांचे जिल्हे दोन राज्यांत गेले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्रात खरे यांनी १९३८ च्या प्रकरणाची बाजू पुन्हा एकदा मांडली, गांधींवरील आरोप अधिक तीव्र शब्दांत केले आणि आपली भूमिका शेवटपर्यंत, १९७० मधील निधनापर्यंत, बदलली नाही.